औदुंबराचे माहेर नदीकाठी

मार्गशीर्षातील पौर्णिमा समीप आली की घरोघरी श्रीगुरुचरित्राची पारायणे सुरू होतात आणि औदुंबराच्या पारावर दिवे लागतात. नृसिंहवाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, गाणगापूर भीमा-अमरजेच्या. आणि औदुंबर हे क्षेत्र तर कृष्णेच्याच तीरी. दत्तस्थान, उंबर आणि नदी ही सांगड केवळ श्रद्धेची नव्हे, त्या वृक्षाच्या स्वभावाचीही आहे. उंबराला ओलाव्याची ओढ. नदी-ओढ्यांचे काठ हेच त्याचे माहेर.

अमरकोशात उंबराला ‘जंतुफल’ असे नाव आहे. फळ फोडले की आत किडे दिसतात म्हणून मुले नाक मुरडतात. परंतु उंबराची फुले फळाच्या पोटातच असतात आणि एका इवल्याशा माशीवाचून त्यांत बीजधारणा होत नाही. त्याच कोशात अर्जुनवृक्षास ‘नदीसर्ज’ म्हटले आहे. विद्यार्थिदशेत मी ते शब्द केवळ पाठ केले. अर्थ उमगला तो माहूरहून फुलसावंगीस कीर्तनाला जाता-येता, पैनगंगेच्या काठी फिकट सालीचे ते वृक्ष मुळांनी दरड कवटाळून उभे पाहिले तेव्हा. अर्जुनाची पंखधारी फळे आणि करंजाच्या शेंगा प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूरच्या काठी रुजतात. उंबराचे बी पक्षी व वटवाघळे नेतात. नदी असे आपले वन आपणच पेरीत असते.

ती पेरणी आता मंदावली आहे. १९८२ साली इसापूरचे धरण झाले. त्याने शेताला पाणी दिले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण पूर आणि त्याबरोबर येणारा गाळ धरणाच्या भिंतीआड अडतो. पैनगंगा अभयारण्यात नदीकाठी झाडी टिकून आहे. बाहेर मात्र कपाशी अन् सोयाबीनची तासे थेट दरडीपर्यंत पोहोचतात, आणि मुळांचा आधार सुटलेली दरड पावसाळ्यात शेतासह ढासळते.

दोष इतरांस देऊन मी मोकळा होत नाही. नवग्रहहोमात शुक्रासाठी उंबराची समिधा लागते. एके वर्षी घाईत मी काठावरच्या कोवळ्या झाडाची फांदीच तोडवून आणविली होती. पुढल्या खेपेस तेथे झाड नव्हते. तेव्हापासून यजमानांस गळालेल्या काटक्याच वेचून आणावयास सांगतो. यंदा फुलसावंगीच्या एका यजमानांनी पारण्याच्या दिवशी उंबराची दोन रोपे ओढ्याकाठच्या बांधावर लावण्याचे ठरविले आहे. कुंपणासाठी बोरीच्या काट्या त्यांनी आधीच तोडून ठेवल्या आहेत.