खो-खोच्या डावपेचांची वाटचाल

पळणाऱ्याला गाठायचे, तर त्याच्याहून अधिक वेगाने धावावे, असे कोणालाही वाटेल. परंतु सांगलीच्या विश्रामबागेत सायंकाळी रंगलेला खो-खोचा डाव लक्षपूर्वक पाहा. संघातील सर्वांत चपळ गडी एकटाच धावत राहिला, तर त्याच्या हाती काही लागत नाही. असे का व्हावे?

याचे कारण खेळाच्या नियमांत आहे. दोन खांबांच्या मध्ये आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा गडी पाठलाग करतो. संरक्षकाला मैदानात कोठेही फिरण्याची मुभा असते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मध्यपाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत सोडता येत नाही.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले. १९३५ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमावली प्रसिद्ध केली. नियम निश्चित झाले, की त्यांच्या मर्यादेत बुद्धीला वाव मिळतो. संरक्षक बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळू लागले. प्रत्येक गड्यानंतर बाजू बदलली, तर ती एकेरी साखळी. दोन-दोन गडी सोडून बदलली, तर ती दुहेरी साखळी. या चालीपुढे एकट्याचा वेग निष्फळ ठरतो.

म्हणून पाठलागाचीही रीत घडत गेली. संरक्षक पलीकडे जाताच योग्य बाजूस तोंड असलेल्या गड्याला तत्काळ खो द्यावयाचा. कधी क्षणभर थांबून संरक्षकाला चकवावयाचे. त्याला हळूहळू खांबाकडे रेटावयाचे आणि तेथे खांबाच्या आधाराने झेप घेऊन बाद करावयाचे. अशा रीतीने धावणारा गडी बदलत राहतो, परंतु पाठलाग अखंड चालतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांनीही हेच तत्त्व जाणले. चेंडू एकाच्याच हाती न ठेवता सर्वांनी सतत जागा बदलत तो एकमेकांकडे द्यावा, अशी चढाईची पद्धत त्यांनी विकसित केली.

खेळ आजही बदलत आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत कोणत्याही दिशेस धावू शकणारा ‘वजीर’ आला, आणि संरक्षकांना नव्या युक्त्या शोधाव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले.

मुलांनो, या खेळातील सर्वांत कठीण क्षण कोणता, ठाऊक आहे? संरक्षक अवघा हातभर अंतरावर असतो. आणखी दोन पावले टाकली, तर तो आपणच टिपू, असे वाटते. नेमक्या त्याच क्षणी सोबत्याला खो देऊन आपण खाली बसावयाचे असते. गडी बाद केल्याचे श्रेय त्या सोबत्याला मिळते, पण गुण संघाच्या खात्यात जमा होतो. हे ज्याला साधते, तोच खरा खेळाडू.