पास्कल : शिस्त शिकवणारी भाषा आणि तिच्या मर्यादा

संगणकशास्त्राचे ज्येष्ठ अध्यापक प्रा. व्ही. राजारामन १९८२ मध्ये कानपूरहून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी फोरट्रान आणि पास्कल या दोन्ही भाषांवर पाठ्यपुस्तके लिहिली. पास्कल शिस्तबद्ध असूनही फोरट्रानची गरज का उरली, याचे उत्तर पास्कलच्या रचनेतच सापडते.

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास ही भाषा प्रामुख्याने अध्यापनासाठी घडवली. तिचा पहिला कंपायलर सीडीसी ६००० श्रेणीच्या संगणकासाठी तयार झाला. तो फोरट्रानमध्ये लिहिण्याचा प्रयत्न फसल्यानंतर खुद्द पास्कलमध्येच लिहिण्यात आला.

प्रत्येक माहितीचा प्रकार आधी जाहीर करणे पास्कलमध्ये बंधनकारक असल्याने अनेक चुका कार्यक्रम चालण्यापूर्वीच उघड होत. मात्र मूळ भाषेत ॲरेचा आकार हा त्याच्या प्रकाराचाच भाग होता. परिणामी, १० संख्यांची बेरीज करणारी प्रोसीजर ११ संख्यांचा ॲरे स्वीकारत नसे. कोणत्याही आकाराच्या मॅट्रिक्ससाठी एकच प्रोसीजर लिहिणे त्यामुळे अशक्य झाले. फोरट्रानमध्ये ही सोय होती. शिवाय कार्यक्रमाचे भाग स्वतंत्रपणे कंपाइल करण्याची तरतूदही नव्हती. ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मध्ये एका निबंधात या उणिवांवर नेमके बोट ठेवले.

भाषेचा प्रसार मात्र पी-कोडमुळे झाला. या पद्धतीत कंपायलर एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञा तयार करी आणि प्रत्येक संगणकावर त्या आज्ञा समजून घेणारा छोटा कार्यक्रम लिहिला की काम भागे. वेग कमी असला, तरी केनेथ बोल्स यांच्या सॅन डिएगो येथील चमूने याच मार्गाने पास्कल छोट्या संगणकांवर आणली. परंतु उणिवा भरून काढण्यासाठी प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयी जोडल्या आणि एका संगणकावरील कार्यक्रम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालेनासा झाला.

आंतरराष्ट्रीय मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लवचिक आकाराच्या ॲरेची सोय केवळ ऐच्छिक स्तरावर होती. त्याच वर्षी ४९.९५ डॉलरला टर्बो पास्कल बाजारात आली. १९८७ च्या तिच्या चौथ्या आवृत्तीत स्वतंत्र कंपाइल होणारी ‘युनिट्स’ मिळाली. विर्थ यांचे १ जानेवारी २०२४ रोजी निधन झाले. फ्री पास्कलच्या रूपाने ही भाषा आजही वापरात आहे.