विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे रोज एक गोळी कशासाठी?

शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशनही संपले. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि डॉक्टर चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहून देतात. रोज एक, साधारण ५ वर्षे. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन यांपैकी एखादी. रजोनिवृत्तीनंतर स्तनाचा कर्करोग झालेल्या अनेक महिलांच्या उपचारांचा सर्वांत लांब टप्पा इथून सुरू होतो. आणि तोच अनेकदा मध्येच सुटतो.

पाळी थांबली, मग इस्ट्रोजेन येते कुठून?

अंडाशयाचे काम थांबते, पण इस्ट्रोजेन पूर्ण थांबत नाही. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोजेन संप्रेरकांचे चरबीत, स्नायूंत, अगदी स्तनाच्या पेशींतही इस्ट्रोजेन बनते. हे घडवून आणणारे एन्झाइम म्हणजे अरोमाटेज. या तिन्ही गोळ्या त्यालाच अडवतात. जुने टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन बनू देते, मात्र कर्करोगाच्या पेशीवरची त्याची जागा आधीच अडवून बसते.

बायोप्सीच्या अहवालात ‘ईआर’ किंवा ‘पीआर’ पॉझिटिव्ह असेल तरच या गोळ्यांचा उपयोग. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात त्या देत नाहीत.

फायदा किती?

सुमारे ३२ हजार महिलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ५ वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत १० वर्षांतील स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू १४.२ टक्के होते, तर ५ वर्षे या गोळ्या घेणाऱ्यांत १२.१ टक्के. फरक छोटा वाटेल. पण टॅमॉक्सिफेन स्वतःच मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी करते. त्यावरची ही भर आहे.

मग गोळी सुटते का?

सांधे. सकाळी उठताना बोटे वळत नाहीत, गुडघे आखडतात. वयामुळे असेल म्हणून महिला सांगत नाहीत आणि एक दिवस गोळी परस्पर बंद होते. खरे तर इथे करण्यासारखे बरेच आहे. नियमित व्यायामाने दुखणे कमी होते, तिघांपैकी दुसरी गोळी काहींना सोसते, नाहीतर टॅमॉक्सिफेन आहेच. हाडे ठिसूळ होण्याचा धोका मात्र जाणवत नाही. त्यासाठी डेक्सा स्कॅन करतात आणि गरजेनुसार कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व किंवा हाडे बळकट करणारी इंजेक्शने देतात.

आणखी एक घोळ. केमोमुळे पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती आली असे नाही. अंडाशय पुन्हा जागे होऊ शकते आणि तसे झाल्यास ही गोळी एकटी पुरत नाही. म्हणूनच चाळिशीतल्या रुग्णांना अंडाशयाचे काम थांबवणारे इंजेक्शनही देतात.

इंटरनेटवर ‘वंध्यत्वाची गोळी’ का दिसते?

लेट्रोझोल शोधले की हेच आधी समोर येते आणि केमिस्टने चुकीचे औषध दिले की काय, अशी शंका येते. चूक नसते. तरुण महिलांत हेच औषध बीजनिर्मितीसाठी वापरतात. भारतात २०११ मध्ये या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. औषध तेच; तिथे ते सहसा ५ दिवस देतात, इथे ५ वर्षे.