टेलिग्राफच्या जुन्या काचेला एवढी मागणी का? फोटोतला रंग खरा की खोटा, कसे ओळखाल?

पावसाळ्यात ‘इन्सुलेटर फुटल्याने वीज गेली’ ही बातमी आपल्याकडे नेहमीची. आपल्या खांबांवर बहुधा पांढरे, चिनी मातीचे इन्सुलेटर दिसतात. अमेरिकेत मात्र टेलिग्राफ आणि टेलिफोनच्या तारांसाठी काचेचे इन्सुलेटर मोठ्या प्रमाणावर बनले. आज ते जमवणे आणि त्यांचे फोटो काढणे हा तिथे मोठा छंद आहे. पण यात फसवणूकही होते आणि तिची सुरुवात रंगापासून होते.

दुर्मीळ कोणता?
सुरुवातीचे इन्सुलेटर आतून गुळगुळीत असत. खुंटीवर नुसते बसवल्याने ते निसटत. १८६५ मध्ये लुई कॉव्हे यांनी आतून आटे असलेल्या इन्सुलेटरचे पेटंट घेतले आणि ही अडचण सुटली. त्यामुळे बिनआट्याचे जुने नग आज दुर्मीळ आहेत. उलट, हेमिंग्रे कंपनीचा ‘४२ नंबर’ निळसर-हिरव्या रंगात सहज मिळतो. तोच आकार वेगळ्या, दुर्मीळ रंगात असेल तर किंमत कितीतरी पट वाढते.

रंग येतो कुठून?
वाळूतल्या लोहामुळे काचेला निळसर-हिरवी झाक येते. ती घालवण्यासाठी काही कारखाने मँगनीज मिसळत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की तिला हळूहळू जांभळी छटा चढते.

मग फसवणूक कशी?
उन्हाला अनेक वर्षे लागतात, ते काम किरणोत्सारी मारा करून थोड्या वेळात उरकता येते. अशा काचेचा जांभळा रंग अनेकदा अनैसर्गिक गडद दिसतो. त्यातच पिवळ्या दिव्याखाली काढलेला किंवा एडिट केलेला फोटो साध्या काचेलाही ‘दुर्मीळ’ बनवतो.

फोटो कसा हवा?
- दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेला.
- एक फोटो मागून प्रकाश देऊन, एक समोरून.
- शेजारी नेहमीच्या रंगाचा ओळखीचा नग ठेवलेला. त्याचाच रंग विचित्र दिसला, तर दोष कॅमेऱ्याचा किंवा एडिटिंगचा.
- उठावाची अक्षरे, कडा आणि तडे स्पष्ट दिसणारे क्लोजअप.

विक्रेता असे फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पैसे न पाठवलेलेच बरे. आणि खांबावर चढून इन्सुलेटर काढण्याचा विचारही नको. तो कंपनीच्या मालकीचा असतो आणि तारेत वीज असेल तर जिवावर बेतते.