अक्कलदाढ आणि तिची भीती

दंतवैद्याच्या खुर्चीत बसताना ज्याचे मन किंचितही कचरत नाही असा मनुष्य विरळा. धीट म्हणून नावाजलेली माणसेदेखील दाढ काढावयाची आहे असे ऐकताच आज नको, उद्या पाहू, असे म्हणू लागतात. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही आपली म्हण या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. ज्या गोष्टीकडे आपण पाठ फिरवितो तीच पाठीमागे लागून मोठी होत जाते. यास्तव अक्कलदाढ म्हणजे काय, ती केव्हा काढावी लागते, आणि ती काढण्याची जी धास्ती मनात घर करून बसते ती आवाक्यात कशी आणावी, याविषयी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मनुष्यास एकंदर बत्तीस दात असतात. त्यांपैकी अगदी शेवटच्या चार दाढा, म्हणजे वरच्या व खालच्या जबड्याच्या प्रत्येक कोपऱ्यातील एकेक, यांस अक्कलदाढा म्हणतात. इतर दात बारा-तेरा वर्षांच्या वयापर्यंत येऊन जातात. या चार मात्र बहुधा सतरा ते पंचवीस या वयात येतात. मुलास समज येण्याचे जे वय तेच या दाढांचे वय, म्हणून त्यांस हे नाव पडले. आमच्या मराठवाड्यातील उर्दू बोलणारे शेजारीही त्यांस अक्कलदाढच म्हणतात, आणि युरोपातील भाषांतही त्यांचे नाव शहाणपणावरूनच पडलेले आहे. दाढ काढल्याने अक्कल कमी होत नाही, हे निराळे सांगावयास नकोच. कित्येकांस तर या चारांपैकी एकदोन दाढा जन्मभर येतच नाहीत, व त्यांचे काही अडत नाही.

या दाढा सर्वांच्या शेवटी येत असल्यामुळे पुष्कळदा त्यांस जबड्यात जागाच उरलेली नसते. मनुष्याचा आहार जसजसा शिजलेला व मऊ होत गेला तसतसे जबड्यास श्रम कमी पडून तो लहान होत गेला, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. जागा न मिळालेली दाढ मग तिरपी वाढते, पुढील दाढेस टेकून अडकून राहते, किंवा अर्धीच बाहेर येते. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पडदा राहतो, त्याखाली अन्नाचे कण साचतात, आणि तेथे सूज व पू होतो. तोंड पुरते उघडत नाही, घास गिळताना कानापर्यंत कळ जाते. हे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत वाताने अधिक दात उगवून तीव्र वेदना होण्याच्या ‘वर्धन’ नामक व्याधीचे वर्णन आहे, व तो दात पुरता आल्यावर वेदना शमते असेही तेथे सांगितले आहे.

तथापि प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. जी सरळ आली आहे, जी स्वच्छ ठेविता येते व जिचा त्रास नाही ती खुशाल राहू द्यावी. इंग्लंडात तर इ. स. २००० मध्ये तेथील सरकारी आरोग्यसंस्थेने, रोग नसलेली अडकलेली दाढ केवळ पुढे त्रास होईल या शंकेने काढू नये, असा स्पष्ट निर्देश दिला. परंतु जी दाढ वारंवार सुजते, जी किडली आहे, अथवा जी शेजारच्या चांगल्या दाढेस बिघडवीत आहे तिला ठेवून घेण्यात शहाणपण नाही.

आता आमच्या भागापुरती एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या शिक्षणक्रमामुळे लातुरास, आणि त्याच कारणाने नांदेडासही, खेड्यापाड्यांतून शेकडो मुलेमुली बारावीच्या व वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांकरिता येऊन राहतात. त्यांचे वय सोळा ते एकोणीस, म्हणजे नेमके अक्कलदाढेच्या आरंभाचे. घर दूर, राहणे खोलीवर, जेवण खानावळीचे. दाढ ठणकू लागली तरी मुलगा घरी कळवीत नाही. वडील काळजी करतील, अभ्यास बुडेल, आणि सर्वांत मुख्य म्हणजे दाढ काढावी लागेल, ही भीती. मग औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून तो दिवस ढकलतो. गोळीने कळ थांबते, पण हिरडीखालचा पू जात नाही. सूज हनुवटीखाली अथवा गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले, किंवा गिळताना व श्वास घेताना अडथळा वाटू लागला, तर ते दुखणे दाताचे राहिले नाही. ते जिवावरचे झाले, असे समजून त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. इतका मोठा धोका ओढवून घेण्याचे मूळ कारण पाहू गेल्यास ते बहुतेक वेळा भीती हेच सापडते.

या भीतीचे स्वरूप तपासून पाहिले असता तिच्यात तीन निरनिराळे धागे दिसतात. पहिला धागा वेदनेचा व सुईचा. दुसरा, आपण तोंड उघडून असहाय पडलो आहोत आणि काय चालले आहे ते दिसत नाही, या परवशतेचा. तिसरा, ऐकलेल्या कथांचा. नॉर्मन कोरा नामक अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने इ. स. १९६९ मध्ये ही भीती मोजण्यासाठी चार साधे प्रश्न तयार केले: उद्या दंतवैद्याकडे जावयाचे आहे असे कळल्यास कसे वाटते, बाहेर वाट पाहताना कसे वाटते, खुर्चीत बसून यंत्राची वाट पाहताना कसे वाटते, आणि दात साफ करण्याची हत्यारे दिसली असता कसे वाटते. चारही प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीचे आहेत हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

याहून बोधप्रद शोध इ. स. १९८५ मध्ये केंट नामक संशोधकाने प्रसिद्ध केला. त्याने दंतोपचारास आलेल्या लोकांस, किती दुखेल असे वाटते, हे आधी विचारले. प्रत्यक्ष किती दुखले, हे लगेच नंतर विचारले. आणि तीन महिन्यांनी पुन्हा, किती दुखले होते, असे विचारले. भित्र्या मंडळींस तीन महिन्यांनी जी वेदना आठवली ती प्रत्यक्ष भोगलेल्या वेदनेपेक्षा आधी कल्पिलेल्या वेदनेशीच अधिक जुळणारी होती. याचा अर्थ असा की, भिणारा मनुष्य खोटे बोलत नसतो, पण त्याची स्मृती त्याच्या भीतीने रंगलेली असते. काकांनी किंवा आत्याबाईंनी सांगितलेली दाढेची भयंकर हकीकत ऐकताना मुलांनी हे मनात बाळगावे.

शिवाय पुष्कळशा भयकथा मुळात अशा काळातून आलेल्या आहेत की, ज्या काळी दात जागेपणी, बधिर न करताच उपटीत असत. हा काळ पालटण्यास आरंभ एका दंतवैद्यानेच केला. अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्स याने एका करमणुकीच्या प्रयोगात नायट्रस ऑक्साइड वायू हुंगलेल्या मनुष्यास पायास जखम होऊनही वेदना झाली नाही असे पाहिले, व दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबर १८४४ रोजी, तो वायू स्वतः घेऊन आपली एक दाढ सहकाऱ्याकडून काढवून घेतली. पुढे १८४६ साली मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टन येथे ईथरची भूल जगापुढे सिद्ध केली. मनुष्यास जागे ठेवून तेवढीच जागा बधिर करण्याची युक्ती १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने डोळ्यावर दाखविली, आणि ती लवकरच जबड्याच्या मज्जातंतूवर लागू करण्यात आली. आज सर्वत्र वापरले जाणारे लिडोकेन हे औषध स्वीडनच्या लोफग्रेन याने १९४३ साली तयार केले. आपल्या देशात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले, आणि १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी नसलेल्याने हा धंदा करणे गुन्हा ठरले. आज लातूर व नांदेड या दोन्ही ठिकाणी दंतमहाविद्यालये आहेत, व तेथे जबड्याच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग असतो. बाजारात रस्त्याच्या कडेला बसून दात काढणाऱ्याकडे जाण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.

प्रत्यक्ष काय घडते, तेही क्रमाने सांगतो. कारण अज्ञात वस्तूचेच भय फार. प्रथम संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र काढतात. दाढेचा कोन व मुळे त्यात दिसतात, आणि खालच्या ओठास संवेदना देणारा मज्जातंतू तिच्यापासून किती अंतरावर आहे तेही समजते. मग हिरडीत औषध टोचतात. सुई टोचल्याची चिमट्यासारखी वेदना काही क्षण असते. औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असल्यास छाती क्षणभर धडधडते. ती धडधड औषधाची असते, तिला घाबरू नये. काही मिनिटांत ओठ व जीभ जड होतात. वैद्य नीट बधिर झाले की नाही ते तपासूनच पुढे जातो. यानंतर दाब कळतो, ओढ कळते, यंत्राचा आवाज व कधी कडकन् असा आवाज ऐकू येतो, परंतु तीक्ष्ण वेदना होऊ नये. झाल्यास तसे सांगावे, औषध आणखी देता येते. दाढ आडवी असल्यास तिचे तुकडे करून काढतात व टाके घालतात. क्वचित प्रसंगी ओठाचा बधिरपणा काही आठवडे राहतो, आणि फारच थोड्यांच्या बाबतीत तो कायम राहतो. हा धोका आपल्या दाढेस किती, हे चित्र पाहून वैद्यास आधीच विचारावे. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते ही समजूत मात्र निराधार आहे. दृष्टीचा मज्जातंतू निराळा व दातांचा निराळा.

आता भीतीवरील उपाय. पहिला व मुख्य उपाय म्हणजे ती वैद्यापाशी बोलून दाखविणे. ‘मला फार भीती वाटते’ असे म्हणण्यात काही लाज नाही. ते ऐकून वैद्य सावकाश व समजावीत काम करतो. दुसरा, खूण ठरवून घेणे: डावा हात वर केला की काम थांबवावे. ती खूण बहुधा वापरावीही लागत नाही, परंतु थांबविणे आपल्या हाती आहे एवढ्यानेच परवशतेचा काच निम्मा होतो. तिसरा, श्वास: नाकाने सावकाश आत घ्यावा आणि त्याहून सावकाश बाहेर सोडावा. ज्यांस सुई पाहताच घेरी येते त्यांचा रक्तदाब एकाएकी उतरत असतो. त्यांनी अंग सैल न सोडता हातापायांचे स्नायू दहापंधरा सेकंद आवळून धरावे, सोडावे व पुन्हा आवळावे. हा उपाय स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला आहे. चौथा, पूर्ण भूल द्यावयाची नसल्यास उपाशीपोटी न जाणे. हलके जेवून जावे. आपण घेत असलेली औषधे, व कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ आले असल्यास तेही, आधी सांगावे. एवढे करूनही भय आवरत नसेल तर गुंगीचे औषध देऊन अथवा पूर्ण भूल देऊनही दाढ काढता येते.

पालकांस आमची विनंती अशी की, ‘एवढा मोठा झालास आणि भितोस काय?’ असे मुलास म्हणू नये. त्याने भीती जात नाही, केवळ तोंड मिटते, आणि मूल पुढील दुखणेही लपविते. ‘काही दुखत नाही’ असे खोटे आश्वासनही देऊ नये. सुई टोचताच ते उघडे पडते व मग तुमचा शब्द मूल मानीत नाही. किती दुखेल, किती वेळ लागेल, हे खरे तेवढे सांगावे, आणि शक्य तर त्या दिवशी सोबत जावे. परीक्षा महिन्याभरावर असेल तर दाढ आधी दाखवावी, आणि काढण्याचा दिवस वैद्याच्या सल्ल्याने असा ठरवावा की पुढे आठवडाभर उसंत मिळेल. घरी लवंग धरल्यास घटकाभर बरे वाटते; पण हिरडीवर मिश्री किंवा तंबाखू दाबणे, अथवा गोळी कुटून लावणे, हे हिरडी जाळणारे उपाय आहेत.

दाढ काढल्यावर दिलेली घडी पाऊण तासापर्यंत दाबून धरावी. बधिरपणा तीनचार तास राहतो, तोवर काही चावू नये, ओठ चावला जातो. पहिल्या दिवशी थुंकणे, चूळ भरणे व नळीने पिणे टाळावे, कारण जखमेत जमलेली रक्ताची गुठळी हेच तिचे झाकण असते. ते निघाल्यास तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीव्र ठणका लागतो. तंबाखू व विडी यांनीही तेच होते. गालास बाहेरून बर्फ लावावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलके खुळखुळावे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक दिसते व मग उतरू लागते, म्हणून त्या दिवशी आरशात पाहून घाबरू नये. ज्वारीची भाकरी चारसहा दिवस बाजूस ठेवून मऊ भात, वरण, ताक, शिरा किंवा गार आंबील घ्यावी. ठणका उतरण्याऐवजी वाढला, ताप आला, अथवा रक्त थांबेना, तर वैद्याकडे परत जावे. टाके बहुधा आठवड्याने काढतात.

विद्यार्थ्यांनो, भय वाटणे हा दोष नव्हे. ते लपवून दुखणे वाढविणे हा मात्र टाळण्याजोगा अविचार होय. दाढ दुखू लागल्यास त्याच दिवशी आईवडिलांस किंवा शिक्षकांस सांगा, चित्र काढून घ्या, मनातील सर्व प्रश्न कागदावर लिहून वैद्यापुढे ठेवा, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत विचारण्यास संकोच करू नका. अक्कलदाढेच्या वयात येणाऱ्या मुलाकडून एवढ्या अकलेची अपेक्षा करावयास हरकत नाही.