मुक्कामाच्या खोलीत ढेकूण : मालाची खबरदारी

खरेदीसाठी सुरत-इचलकरंजीला अथवा सुट्टीत कुटुंबासह भाड्याच्या खोलीत उतरणाऱ्या व्यापारी बांधवांनी सामान ठेवण्याआधी गादी तपासावी. शिवणीत, खाटेच्या सांध्यांत काळे ठिपके दिसल्यास ढेकणांचा संशय धरावा. ढेकूण कापड खात नाही, रक्त पितो. पण कपड्याच्या घडीत लपून दुकानापर्यंत पोहोचतो आणि काही महिने उपाशीही जगतो. बॅग पलंगावर ठेवू नये. मालकाला दाखवून खोली बदलून घ्यावी, मात्र लगतची घेऊ नये. स्वतः औषध फवारू नये, ढेकूण पांगतात. परतल्यावर कपडे ६० अंश सेल्सिअस पाण्यात धुवावेत. धुता न येणारे नमुने घट्ट पिशवीत वेगळे ठेवावेत. वाफेची इस्त्री फिरवूनच मालात मिसळावेत. गिऱ्हाइकाला एक ढेकूण दिसला, तरी दुकानाची पत जाते.