अनुदानाची फाईल आणि गादीवरचे शिक्षण

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. ज्याचे अन्यत्र काही जमले नाही त्याने परभणी गाठावी, इथली काळी जमीन त्याला उपाशी ठेवणार नाही, असा तिचा अर्थ जुनी माणसे सांगत. आज मात्र वाट उलटी झाली आहे. पदवी हाती पडली की मुलगा पुण्याची गाडी धरतो आणि वडील अडत दुकानाच्या गादीवर एकटे उरतात. जिंतूर, सेलू, मानवत, परभणी अशा गावांतून आपल्या समाजातील कितीतरी घरांत हेच चित्र आहे. शासनाच्या योजनांचा विचार या चित्रापासूनच सुरू करावा लागेल.

या जिल्ह्याशी आपले नाते जुने आहे; नेमगिरी आणि नवागड ही क्षेत्रे त्याची साक्ष देतात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली आणि परभणी, मानवत रोड, सेलू या स्थानकांभोवती शेतमालाचा व्यापार वाढला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. अडत, कापड, किराणा, सराफी या व्यवसायांत जैन कुटुंबांनी नाव कमावले. तरी एक उणीव राहून गेली. आपण माल घेतला आणि पुढे पाठवला. त्याचे रूप बदलण्याचे काम बहुतांशी दुसऱ्यांनी केले. कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि सूत इतरत्र निघते. तुरीची डाळ करण्यासाठी लातूर, अकोला, जालना यांचे नाव होते. व्यापाऱ्याच्या पदरी अडत पडते आणि वाढीव मोल दुसऱ्या गावी राहते.

राज्य शासनाने हे ओळखले नव्हते असे नाही. उद्योग मुंबई-पुणे पट्ट्याबाहेर पसरावेत म्हणून १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आली. १९७८ साली केंद्राच्या कार्यक्रमातून जिल्हा उद्योग केंद्रांची सुरुवात झाली, तर १९८८ साली मराठवाड्यातच मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. मुद्रांक शुल्क, वीज शुल्क, राज्याच्या वाट्याचा वस्तू व सेवा कर यांतील सवलती मागास तालुक्यांना अधिक मिळतात. पण मोठा कारखानदार केवळ सवलतीवर भुलून येत नाही. त्याला बंदर, बाजारपेठ आणि तयार कारागीर जवळ हवे असतात. म्हणून परभणीसारख्या जिल्ह्याला मोठ्या कारखान्याची वाट पाहण्यापेक्षा लहान प्रक्रिया उद्योगच अधिक उपयोगाचा आहे, असे माझे मत आहे.

अशा लहान उद्योगासाठी आज साहाय्य खरोखर उपलब्ध आहे. २०१९ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी सुरुवातीला ५० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प करता येत होता आणि प्रवर्ग व ठिकाण यांनुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे प्रस्तावही जिल्हा उद्योग केंद्रातून जातात. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे या केंद्रीय कार्यक्रमात आपला अर्जदार विशेष प्रवर्गात मोडतो. ग्रामीण भागात २० लाखांची डाळ मिल उभारायची असेल, तर स्वतःचा वाटा ५ टक्के म्हणजे १ लाख आणि अनुदान ३५ टक्के म्हणजे ७ लाख, असा हिशेब पडतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे ७ लाख रोख हाती पडत नाहीत. बँक १९ लाखांचे कर्ज देते. अनुदानाची रक्कम ३ वर्षे कर्जदाराच्या नावे ठेव म्हणून पडून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळती होते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा आहेच. पण तीन वर्षे मिल चालवून दाखवावी लागते. अनुदान पाहून यंत्र घेणारा आणि बाजार पाहून यंत्र घेणारा यांतला फरक या तीन वर्षांत उघडा पडतो. शिवाय हा कार्यक्रम मुख्यतः नव्या उद्योगासाठी आहे. ज्याची मिल आधीच चालू आहे, त्याने सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेकडे पाहावे. २०२० साली आलेल्या या योजनेत केंद्र आणि राज्य ६०:४० असा भार उचलतात आणि प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते.

जाता जाता एक नोंद. रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या निषिद्ध उद्योगांच्या यादीत मांसप्रक्रिया, मद्य, बिडी-सिगारेट यांचा समावेश आहे. श्रावकाने कोणते व्यवसाय टाळावेत याचा विचार आपल्या आचार्यांनी पंधरा कर्मादानांच्या रूपाने केला, त्याची इथे आठवण होते. दोन्ही याद्या सारख्या नाहीत. कर्मादानांत यंत्रपीलनही येते, आणि तेलघाणा किंवा ऊस गाळप यांबाबत प्रत्येक घराने आपापल्या गुरूंना विचारून निर्णय घेतलेला असतो. नवा उद्योग निवडतानाही तो प्रश्न टाळू नये.

भांडवलाची सोय अशी होऊ शकते. माणसाची सोय अधिक अवघड आहे. तुरीला पाणी-तेलाचा हात किती द्यावा, ऊन किती दाखवावे, रोलरची पकड किती ठेवावी, यावर डाळ अख्खी निघते की तुकडा पडतो हे ठरते. चुणी वाढली की नफा त्यातच जातो. आयटीआयमधून फिटर आणि वीजतंत्री मिळतो. डाळ मिलचा कारागीर मात्र मिलमध्येच घडतो.

आपल्या व्यापारात असे शिक्षण होतेच. गादीवर आलेला मुलगा आधी झाडलोट करी, मग काट्यावर उभा राही, मूठभर तुरीवरून ओलावा सांगायला शिके, पुढे रोजमेळ आणि खतावणी त्याच्या हाती येई. मुनीमजी हे त्याचे विद्यापीठ होते. ही परंपरा आपण घरातल्या मुलांपुरती ठेवली आणि आता घरातली मुलेही गादीवर बसत नाहीत.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्ण युवकाला महिना ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन शासन थेट त्याच्या खात्यात भरते. आधी ६ महिन्यांचा असलेला कालावधी पुढे ११ महिन्यांचा झाला. मुदत संपल्यावर सेवेत कायम करावे, या मागणीसाठी प्रशिक्षणार्थींनी राज्यभर आंदोलने केली. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. अनेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे कागद इकडून तिकडे नेणे, असाच अर्थ झाला. मजुरी शासन देते आहे म्हणून मुलाला चहा आणायला पाठवणारा मालक योजनेचा लाभ घेतो, पण त्या मुलाची अकरा महिन्यांची उमेद खर्ची टाकतो. हेमचंद्राचार्यांनी गृहस्थाच्या गुणांत न्यायाने मिळवलेल्या संपत्तीला पहिले स्थान दिले आहे. शिकायला आलेल्याला काही न शिकवता राबवणे त्यात बसत नाही.

या योजनेत मनुष्यबळाच्या ठरावीक टक्क्यांइतकेच प्रशिक्षणार्थी घेता येतात, म्हणून चार-पाच माणसांच्या दुकानाला तिचा उपयोग कमी. त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारी कायद्याची वाट आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, पण ४ माणसांपासून पुढच्या आस्थापनेला ते स्वेच्छेने घेता येतात आणि विद्यावेतनाचा काही भाग शासन उचलते.

परभणीकरांना आणखी एक आधार घराजवळच आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. लोह आणि जस्ताचे प्रमाण अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची जात २०१८ साली याच विद्यापीठाकडून प्रसारित झाली. एखाद्या अडत व्यापाऱ्याने अन्नतंत्राचा पदवीधर आणि आयटीआयचा फिटर एकत्र बसवले, तर ज्वारीचे पीठ, रवा, पोहे किंवा चांगली डाळ इथेच तयार होऊ शकते. घरचा मुलगाही त्यासाठी परत येईल का, हे सांगता येत नाही. निदान त्याला परतण्याजोगे काही काम इथे दिसेल.

नवी तूर पौष-माघात बाजारात येते. प्रकल्प अहवाल, जागेचा कागद, यंत्राचे दरपत्रक, जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस आणि बँकेची मंजुरी यांत काही महिने सहज जातात. येत्या हंगामाची तूर स्वतःच्या मिलवर भरडायची असेल, तर अर्ज पावसाळ्यातच करावा, आणि मिलवर काम शिकणारी दोन मुलेही तेव्हाच हेरून ठेवावीत.